अर्धं बोट बाहेर

पन्नास वर्षं भिंती बांधल्या, पण माझी एक भिंत कुणी वाकडी म्हणून दाखवावी. ही फुशारकी नाही. म्हणजे फुशारकीच आहे, पण खरी आहे. त्यामुळे नातीच्या शाळेतल्या ताई घरी येऊन म्हणाल्या, "मिस्त्री, आमचा तिसरीचा वर्ग बागेतल्या अवजारांसाठी एक खोली बांधणार आहे, शिकवायला याल का?" तेव्हा मी पुढचं न ऐकताच हो म्हणून बसलो. अट त्यांनी नंतर सांगितली.

"फक्त तोंडाने सांगायचं. हात लावायचा नाही."

म्हणजे आमंत्रण मला नव्हतं, माझ्या तोंडाला होतं.

शाळा गावाबाहेर, शेतांच्या मधे. चार खोल्या आणि एक बाग. तिला वाल्डॉर्फ शाळा म्हणतात. खरं सांगायचं तर मी तिला नावंच ठेवायचो. पाठ्यपुस्तकं नाहीत, परीक्षा नाहीत. पोरं वह्यांत चित्रं काढून आपली पुस्तकं आपणच बनवतात. मुलगेसुद्धा लोकरीचं विणतात. पहिलीला ज्या ताई मिळतील त्याच आठवीपर्यंत. आणि रोज सकाळी या ताई दारात उभ्या राहून एकेकाचा हात हातात घेतात, डोळ्यांत बघतात आणि मगच आत सोडतात. पहिल्या दिवशी मलाही रांगेतून जावं लागलं. माझा हात धरून ताई म्हणाल्या, "आज राग कशाचा आलाय?"

"राग नाही," मी म्हटलं. "चेहराच असा आहे."

माझी नात याच वर्गात. घरात तिला सगळे वकील म्हणतात, कारण झोपायला सांगितलं तरी ती आधी कारण विचारते. तिने सगळ्यांसमोर माझी ओळख करून दिली, "हे माझे आजोबा. ओरडतात, पण मारत नाहीत."

मापाला टेप नव्हती. आपापल्या हाताने मोजा, ताई म्हणाल्या. अठरा पोरं, अठरा हात. पाया आखला तर एक बाजू दुसरीपेक्षा वीतभर लांब. मी तोंड उघडलं, ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी ते मिटलं. पोरं तासभर कडाकडा भांडली. शेवटी ठरलं की वर्गात सगळ्यांत बुटकी पोरगी, जिला सगळे वाटाणा म्हणतात, तिचाच हात सगळ्यांनी माप म्हणून धरायचा, कारण ती कुणावर दादागिरी करत नाही. मग काय, वाटाणा दिवसभर मातीत लोळून कोपरापासून बोटापर्यंत मोजली जात होती. पण समोरासमोरच्या बाजू बरोबर जुळल्या. हे मी कबूल केलं, मनातल्या मनात.

मग भिंत. मातीचा माल कालवला, विटा भिजवल्या. आपण लावलेल्या प्रत्येक विटेवर पोरं खिळ्याने खूण करायची. कुणाचं फूल, कुणाची शिडी, वाटाणाचा अर्थातच वाटाणा. वकिलाचा मासा. तिच्या हातात थापी अशी बसली की मी बघतच राहिलो. मनगट सैल, माल नेमका, सांधा भरलेला. हे शिकवून येत नाही. "आजोबा," ती म्हणाली, "हा कोपरा माझा आहे."

कोपरा तिचा होता आणि दोन बोटं बाहेर होता.

माझ्या पिशवीत पितळेचा ओळंबा होता. दोरीला लोंबता सोडला की भिंत सरळ आहे की नाही ते तो बिनबोभाट सांगतो. मी तो काढायला गेलो तर ताई म्हणाल्या, "मागितल्याशिवाय द्यायचा नाही. वाकडं त्यांना दिसू दे, मग तीच मागतील."

"आणि नाही दिसलं तर?"

"दिसेल. आपल्याला घाई नाही."

त्यांना नसेल. भिंत रस्त्याला लागून होती. शनिवारी आमच्या वयाचा सुतार सायकलवरून चालला होता, तो मुद्दाम थांबला. "मिस्त्री, ही भिंत तुमची? पोराकडून डोळे तपासून घ्या एकदा."

माझा मुलगा, म्हणजे वकिलाचा बाप, बाजारात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. त्याने मला दिलेला चष्मा माझ्या खिशात असतो, नाकावर नाही. सुताराचं बोलणं मला असं झोंबलं की जेवण गोड लागलं नाही.

जित्याची खोड. रविवारी सकाळी शाळेला सुट्टी, बागेत चिटपाखरू नव्हतं. मी थापी काढली, भिंत पायापर्यंत उतरवली, ओळंबा सोडला आणि तीन तासांत तेवढीच परत उभी केली. विटांवर खिळ्याचे ओरखडे होते, ते तोंड आत फिरवलं आणि कोरी बाजू बाहेर घेतली. चांगला गवंडी विटेचं चांगलं तोंड बाहेर ठेवतो, यात विचार करायचं काय? शीळ घालत घरी आलो.

सोमवारी पोरं आली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. मला आधी वाटलं, खूश झाली.

"माझं फूल कुठंय?" एकाने विचारलं.

वकिलाने कोपऱ्यावर हात फिरवला. वरून खाली, पुन्हा वर. मासा एकही नव्हता. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिने हातातली थापी बादलीत ठेवली. "मग तुम्हीच बांधा," म्हणाली आणि वर्गात निघून गेली.

हेच शब्द मी आधी ऐकले होते. तिचा बाप पंधरा वर्षांचा असताना त्याने आमच्या मागच्या अंगणात न्हाणीची भिंत बांधली होती. पहिलीच. तो बाजारात गेला तेवढ्यात मी ती पाडून सरळ बांधली आणि तो परतल्यावर म्हटलं, "बघ, अशी बांधतात." त्याने थापी बादलीत ठेवली. "मग तुम्हीच बांधा, अप्पा." त्यानंतर त्याने थापीला हात लावला नाही. आणि मी गावभर सांगत आलो की पोराला मातीत हात घालायची लाज वाटते. इतकी वर्षं. मला माझीच शिसारी आली.

ताईंकडे गेलो. म्हटलं, चुकलं. त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगता? भिंत माझी नव्हती."

मग अठरा पोरांसमोर उभा राहिलो. टोपी हातात. सगळं सांगितलं, सुताराचं, ओरखड्यांचं, न्हाणीच्या भिंतीचंसुद्धा. एवढ्या उंच परांच्या चढलो, पण हे त्याहून अवघड होतं. पोरांनी आपसात कुजबुजून निकाल दिला: भिंत उतरवायची, आणि मिस्त्रीआजोबांनी सगळ्या विटा खरवडून धुवायच्या. मला ते एकदम मान्य होतं.

वकिलाने मात्र हात वर केला. "बाबांची माफी मागितलीत?"

"नाही."

"का?"

मी हातातली टोपी फिरवत राहिलो.

"मग आधी ते," ती म्हणाली. "तोपर्यंत मी थापी धरणार नाही."

तिचा शब्द म्हणजे शब्द. सुंभ जळाला तरी पीळ जाणाऱ्यातली ती नाही, आणि ते कुणावर गेलंय हे मला ठाऊक आहे. दोन दिवस मी विटा धूत बसलो, पोरं बांधत होती, आणि ती बाजूला बसून लोकर विणत होती. एका नजरेनेही भिंतीकडे बघत नव्हती. तो हात वाया जाणार आणि माझ्यामुळे जाणार, हे मला सहन होईना.

तिसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात गेलो. पोराला वाटलं, तपासणीला आलोय. त्याने मला खुर्चीत बसवलं, ती लोखंडी चौकट नाकावर चढवली, भिंगं घातली. "अप्पा, कुठपर्यंत वाचता येतं?"

"न्हाणीची भिंत," मी म्हणालो. "मी पाडायला नको होती. चुकलं माझं. भिंत चांगली होती."

तो भिंग हातात धरून उभा राहिला. चौकटीतून तो मला धूसर दिसत होता, ते बरंच झालं.

"वाकडी होती," तो म्हणाला.

"होती थोडी. पण उभी होती."

त्याने हातातलं भिंग पुसलं. मग भिंग बदललं. "उजव्या डोळ्याचा नंबर वाढलाय. खिशात चष्मा ठेवून कमी होत नसतो तो."

घरी त्याने लेकीला काय सांगितलं कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी वकिलाने बादलीतली थापी काढली, पुसली आणि कोपऱ्याशी जाऊन बसली. दुपारी वाटाणा ओरडली, "विटांवरच्या शिड्या पडायला लागल्यात, बघा!" सगळ्यांनी मान वाकडी करून पाहिलं. मग वकील माझ्यासमोर येऊन हात पसरून उभी राहिली. "आजोबा, वाकडं झालंय की नाही ते कळायला काही असतं का?"

मी ओळंबा तिच्या हातावर ठेवला. ताई लांबून हसत होत्या.

महिन्याभरात खोली झाली. सरळ म्हणाल तर जवळजवळ. शेवटच्या दिवशी आईबाप आले होते, माझा पोरगाही दुकान बंद करून आला होता. पोरांनी शेवटची वीट माझ्यासाठी ठेवली होती. आता एवढी माणसं बघताहेत म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. ओळंबा नको म्हटलं, दोरी नको म्हटलं. माल टाकला, वीट ठेवली, थापीचा दांडा दोनदा ठोकला आणि मागे सरलो.

वकिलाने ओळंबा सोडला. एक डोळा मिटून बघितलं. "आजोबा, तुमची वीट अर्धं बोट बाहेर आलीय."

सगळे हसले. सुतारही आला होता मेला, तो सगळ्यांत मोठ्याने हसला. मी कान तापलेले घेऊन पुढे झालो. माल ओला होता, एका झटक्यात वीट निघाली असती. हात विटेवर ठेवला आणि पोराचा हात माझ्या मनगटावर आला.

"राहू दे, अप्पा," तो म्हणाला. "तुम्ही लावलीय ती."

मी खिशातून चष्मा काढला आणि नाकावर चढवला. खरंच अर्धं बोट बाहेर होती. खाली कोपऱ्यात मासेच मासे होते, इतके नीट मला आधी दिसलेच नव्हते.

वकिलाने माझ्या हातात खिळा दिला.

"खूण करा," ती म्हणाली. "बाहेरच्या बाजूला."