एकमेव पुरवठादार

"चाळीस करायचे, चाचा. महिन्याभरात," असं म्हणत नवीनने चिंधीत गुंडाळलेला बुश लेथवर ठेवला.

अन्सारने तो हातात घेताच ओळखला. शिरपूर जैनच्या बसस्टँडमागे त्याचं वर्कशॉप. मोटारपंपांची, मळणीयंत्रांची कामं. पण त्याआधी बावीस वर्षं तो दक्षिणेतल्या वायुदलाच्या एका डेपोत शिकाऊ वैमानिकांच्या विमानांची दुरुस्ती करायचा. हा बुश, दांड्यावर बसणारी धातूची नळी, त्याच विमानांच्या पुढच्या चाकाचा होता.

"तुमी कोन्या कंपनीचे?"

नवीनने नाव सांगितलं. अन्सार हसला, पण ते हसू बरं नव्हतं. ती विमानं केव्हाच मोडीत निघायला हवी होती. दर काही वर्षांनी त्यांचं आयुष्य वाढवायचा करार व्हायचा, निविदा न काढता, याच एका कंपनीशी. निवृत्त झाल्यावर अन्सारने स्वतः केलेला नमुना जोडून अर्ज पाठवला होता. दोन ओळींचं उत्तर आलं : हा भाग बनवण्याची क्षमता देशात एकाच कंपनीकडे आहे.

"मंग ते एकुलती कंपनी शिरपुरात काहून आली?"

"आमचं मशीन बंद आहे. तुमचं नाव कुठेही येणार नाही, काळजी नको."

"धातू?"

"अकोल्याच्या बाजारात मिळेल तो घ्या. सर्टिफिकेट आम्ही लावतो."

अन्सारच्या डोळ्यांपुढे ती धावपट्टी आली. उतरताना पुढचं चाक मोडलं आणि विमान नाकावर घासत गेलं. आतल्या मुलीला त्यानेच ओढून बाहेर काढलं. वीस वर्षांची पोर. "माझे पाय कुठे आहेत?" एवढंच विचारत होती. पाय जागेवर होते, तिला कळत नव्हते. तुटलेला बुश आतून जाळीसारखा पोखरलेला निघाला. चौकशीत दोष लागला तो तिच्या उतरण्याला.

"ऊठ," अन्सार म्हणाला.

"तुम्ही नाही केलं तर दुसरा कुणी करेल, चाचा."

"ऊठ म्हन्लं ना! लेकरं बसतात त्या इमानात. त्यायले भंगार लावता?"

आवाज ऐकून मागच्या घरातून अमीनाबी चहा घेऊन आली. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला, लेथवरचा बुश पाहिला. त्या मुलीची हकिगत तिला पाठ होती. तिने ट्रे तसाच मागे नेला. नवीनने बुश खिशात टाकला आणि तो निघून गेला.

पण अन्सारचा संताप बसेना. याने दुसरा लेथवाला गाठला तर? त्याने गुलाबसिंगला फोन लावला. केनवडचा गुलाबसिंग त्याच्यासोबतच भरती झालेला, अजून डेपोत तपासणीला होता.

"नवे बुश आले म्हंजे एक कापून पाह्य. कागद पाहू नोको."

"अन्सारभाई, मी कापलं अन् खराब निंगालं, तं सारी इमानं उडनं बंद होऊन जागेवर बसतीन. साहेब मले सोडतीन का?"

"त्या पोरीले तू बी पाह्यलं होतं."

पलीकडून फोन बंद झाला.

दोन महिने गेले. अन्सारने वरिष्ठांकडे धाडलेल्या तीन तक्रारींपैकी एकीची पोच आली, उत्तर एकीचंही नाही. कंपनीचा करार आणखी पाच वर्षांसाठी वाढल्याची बातमी त्याने पेपरात वाचली आणि पेपर चुरगळून भिंतीवर फेकला.

त्याच आठवड्यात गुलाबसिंगचा फोन आला.

"मले स्टोअरात टाकलं. चादरी मोजून राह्यलो."

"कापलं?"

"तीन कापले. तिन्ही पोकळ. लेखी देलं."

"माह्यामुळं..." एवढंच अन्सार म्हणाला.

"थांब. आयक," गुलाबसिंग म्हणाला. तो चालत बाहेर गेल्याचं पावलांवरून कळलं. सकाळचे दहा, डेपोलगतच्या धावपट्टीवर उड्डाणांची ऐन वेळ. फोनमध्ये नुसता वारा होता. दूर कुठेतरी एक टिटवी ओरडत होती.

"काई आयकू येते?"

"नाई."

"तेच आयकवून राह्यलो."

अन्सारने लेथ बंद केला आणि फोन कानाशी धरून तो उभा राहिला.