त्रेसष्ट महिने मोजणारी गिरणी

मी एक जुनी पिठाची गिरणी आहे. शिंदखेड्याच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत, पत्र्याच्या खोलीत मी उभी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरची भाकरी माझ्यातून गेली असेल, ते मलाही सांगता येणार नाही. दादर ज्वारी, बाजरी, ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ, सगळं मी दळलं. आता माझ्याकडे पूर्वीइतकी डबे-पिशव्यांची रांग नसते. तरी मला माझ्या आयुष्यातली पाच वर्षं आणि वर तीन महिने तुम्हाला सांगायचे आहेत, कारण त्या काळात मी रोज भीत होते.

माझे मालक भटू आबा आणि त्यांच्या पत्नी बेबाबाई. आबांचा हात हलका होता. पीठ बोटांत चोळून ते सांगायचे, दगड जरा घट्ट करायला हवा की सैल. बायका कौतुकानं म्हणायच्या, आबांच्या गिरणीतलं पीठ थापताना तुटत नाही. ते ऐकलं की मला फार बरं वाटे.

१९८३ साली आबांनी मिरची कांडायचं यंत्र आणि मोठी मोटार घेतली. त्यासाठी चौघांचं देणं झालं होतं, कोणाचे रोख पैसे तर कोणाची उधारी. पण त्याच वर्षी गावात आणखी दोन गिरण्या सुरू झाल्या, आणि विजेच्या चढउतारानं ती मोटार जळाली. मी पुन्हा जुन्या मोटारीवर चालू लागले. कांडपयंत्र निम्म्या किमतीत विकावं लागलं. चौघांनी धुळ्याच्या कोर्टात दावे लावले.

आबांचे वकील देवचंदभाऊ. त्यांनी चौघांना एकत्र बसवून तडजोड करून घेतली. व्याज थांबलं. उरलेले अठरा हजार महिना तीनशेप्रमाणे साठ महिन्यांत फेडायचे आणि ते चौघांनी वाटून घ्यायचे. हप्ता येत राहील तोवर कोणी मला हात लावायचा नाही.

"म्हणजे पाच वर्षं ना?" आबांनी विचारलं.

"साठ हप्ते भरले तर पाच वर्षं," देवचंदभाऊ म्हणाले. "सलग दोन चुकले तर त्याच दिवशी करार संपला. मग गिरणीचा लिलाव."

फेब्रुवारी १९८५ पासून हप्ते सुरू झाले. दर महिन्याच्या एक तारखेला आबा सकाळी माझ्यापाशी बसून पैसे मोजत. महिना संपत आला की त्यांचं बोलणं कमी होई. गिऱ्हाईक कमी दिसलं की ते दारातून रस्त्याकडे पाहत राहत. मीही माझा आवाज ऐकत राही. पट्टा सरकतोय का? मोटार जास्त तापतेय का? माझ्यात काही बिघडलं, तर या माणसाचं कसं होणार?

असे अडतीस हप्ते गेले, आणि मग ज्याची भीती होती ते माझ्याच पोटात घडलं.

१९८८ च्या मार्चअखेरीस तानुबाई दादरीचं पोतं घेऊन आल्या. त्या दाण्यांत मळणीयंत्राचा एक लोखंडी नट राहिला होता. कडकड आवाज झाला. आबांनी धावत जाऊन बटण बंद केलं. माझ्या वरच्या दगडाला काठापासून मध्यापर्यंत तडा गेला होता.

तानुबाई घाबरून रडू लागल्या. आबा एवढंच म्हणाले, "अक्का, तुमनी काय चूक? नट काय दिसस दाणासमा?" त्यांनी उरलेली दादर पोत्यात भरून दिली आणि दार ओढून घेतलं.

नवा दगड नऊशे रुपयांचा होता. नऊशे म्हणजे तीन हप्ते. दगड घेतला तर हप्ते चुकणार होते, आणि हप्ता भरला तर पुढचा भरायला गिरणीच चालणार नव्हती. दोन दिवस आबा लोकांना सांगत राहिले की मोटार दुरुस्तीला गेली आहे. खोटं बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. तिसऱ्या दिवशी ते बेबाबाईंना म्हणाले, "मी सुरतले जास. तठे काम भेटी. कोनले सांगू नको."

बेबाबाईंनी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. "लपाडीसन काय फायदा? हप्ता चुकाना आगोदर बठ्ठासले सांगूत."

चौघांनाही आधीच सगळं सांगायचं ठरवून त्यांनी देवचंदभाऊंना मुदतीबद्दल विचारलं. ते म्हणाले, चौघांनी लिहून दिलं आणि कोर्टानं मान्य केलं, तर मुदत लांबवता येईल. एकानं जरी नाही म्हटलं, तरी नाही.

बेबाबाईंनी चौघांना माझ्यापाशीच बोलावलं. मोटार उधार देणारे जीवराम नाना सोडून बाकीचे तिघे कुरकुरत का होईना, तयार झाले. नाना मात्र भिंतीला टेकून उभे राहिले.

"मी साठ महिन्यांवर सही केली होती," ते म्हणाले. "मलाही दुसऱ्याचं देणं आहे. मीही महिने मोजतोय."

"तुमनं खरं शे नाना," बेबाबाई म्हणाल्या. "पन आज गिरणी इकी तर तुमना वाटाले कितलं ई? यंत्रसना भाव तुमलेच माहीत."

नाना पुढे आले. त्यांनी माझ्या तडकलेल्या दगडावरून बोट फिरवलं. नंतर आबांकडून मागच्या पावत्या मागवल्या आणि एकेक पाहिली. मला वाटलं, आता मी भंगारात जाणार.

"तीन महिने," नाना शेवटी म्हणाले. "चौथ्या महिन्यात मी कोणाचं ऐकणार नाही."

धुळ्याहून कोर्टाची मान्यता येईपर्यंत आणखी अकरा दिवस गेले. त्या दिवसांत आबा धड जेवले नाहीत. मग हप्त्यासाठी ठेवलेले पैसे आगाऊ देऊन, बाकी तीन महिन्यांत फेडायच्या बोलीवर नवा दगड बसला. एक जुलैला एकोणचाळिसावा हप्ता गेला, आणि १९९० च्या एप्रिलमध्ये साठावा. साठ महिन्यांचा करार त्रेसष्ट महिने चालला.

मला वाटलं, आता आबा हसतील. पण पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ते पुन्हा सकाळीच येऊन बसले. खिशात तीनशे रुपये होते, चेहरा उतरलेला. बेबाबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"आज कोनले काहीच देवानं नही," त्या हळूच म्हणाल्या.

"माले माहीत शे," आबा म्हणाले. तरी ते दुपारपर्यंत तिथंच बसून राहिले. जूनमध्येही बसले, जुलैमध्येही. कागदावरचा करार संपला होता. त्यांच्या मनातला संपायला आणखी दोन वर्षं लागली.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना वेळेवर तेल द्या, दळण टाकण्याआधी धान्य नीट निवडा. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. तुमच्या घरात कोणी महिन्याच्या एखाद्या तारखेला गप्प होत असेल, तर "काय झालं" असं सारखं विचारू नका. फक्त जवळ जाऊन बसा.