रीनाची उजवी दाढ

किरनापुरच्या अलीकडे, नाल्याच्या पुलाला लागून जे गाव आहे, तिथं दर मंगळवारी जिजाबाईच्या अंगणात दातदुख्यांची जत्रा भरायची. कुणी गालावर पदर दाबून यायचं, कुणी कानाला मफलर गुंडाळून, तर कुणी पार बैहरकडून जीप बदलत, कण्हत कुंथत. जिजाबाई दातातले किडे पाडायची. पैसा घेत नसे. उंबऱ्यावर एक नारळ ठेवायचा, झालं. ही विद्या तिला तिच्या सासूनं दिली होती, सासूला तिच्या सासूनं, आणि त्याच्या मागे कोण होतं हे विचारायची गावात कुणाची छाती नव्हती.

विद्या अशी होती. पितळी परातीत पाणी घ्यायचं, पाण्यात मधोमध वाटी पालथी ठेवायची, वाटीवर तापवून लाल केलेला बैलाचा नाल. नालावर तेलात घोळलेल्या भुईरिंगणीच्या बिया टाकायच्या आणि वरून बुडाला भोक असलेलं मडकं झाकायचं. भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ. दुखणाऱ्या माणसानं देठ तोंडात धरून धूर दाढेवर घ्यायचा आणि लाळ गाळत बसायचं. थोड्या वेळानं मडकं उचललं, की परातीतल्या पाण्यावर बारीक पांढरे किडे तरंगताना दिसायचे. बघणारे हात जोडायचे. दुखणंही खरंच उतरायचं, चार दिवस का होईना.

बिया वाळवणं, नाल तापवणं, मडकं घासणं ही सगळी हमाली सुनेची. रीना लग्न होऊन आली तेव्हापासून हेच करत होती आणि सुरुवातीला तर मोठ्या भक्तिभावानं करत होती. तिची स्वतःची डावीकडची दाढ ठणकली, तेव्हा तीही देठ तोंडात धरून बसली. किडे पडले. पुढच्या महिन्यात पुन्हा ठणकली, पुन्हा किडे पडले. शेवटी गाल सुजून डोळ्याला भिडला आणि दाढ उपटावी लागली. तिच्या शेजारची दाढही त्याच वाटेनं गेली. त्यानंतर रीना उजव्या बाजूनं जेवायला शिकली. घरात नारळांचा ढीग, आणि हिला ओल्या खोबऱ्याचा तुकडा चावायची भारी आवड. पण या घरात खोबरं नेहमी किसूनच खाल्लं जायचं. जिजाबाईच्या तोंडात पुढचे दोन दात तेवढे उरले होते. त्यांनाही ती सकाळ-संध्याकाळ गुडाखू, म्हणजे गुळातली तंबाखूची मिश्री, घासायची, आणि तिचं बघून रीनाही.

आणि आता उजवीकडच्या दाढेत गार पाणी लागू लागलं होतं.

रीना हादरली. ही गेली तर चावायचं कशानं? पस्तिशीही गाठली नव्हती तिनं, आणि समोर आयुष्यभर वरणात कुस्करलेली पोळी दिसत होती, सासूच्या ताटात दिसायची तशी. बाजाराच्या निमित्तानं बालाघाटला गेली तेव्हा ती सरळ एका दातांच्या दवाखान्यात शिरली.

डॉक्टर मीनाक्षीबाईंनी तिच्या हातात छोटा आरसा दिला आणि दाढेच्या मधला काळा खड्डा दाखवला.

"यात किडा-बिडा काही नसतो," त्या म्हणाल्या. "आपण गोड खातो, पिठाचं खातो, ते दाताला चिकटून राहतं. डोळ्यांना न दिसणारे जंतू त्यावर जगतात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लानं दाताचं वरचं टणक कवच विरघळतं, मग खड्डा आत आत जातो. तुमचा खड्डा अजून आतल्या नसेपर्यंत पोचला नाही. सडलेलं तेवढं कोरून काढायचं आणि जागा भरून टाकायची. दाढ राहील. मात्र नसेपर्यंत गेला, तर नुसतं भरून भागणार नाही."

"आन धुरानं बरं वाटते ते?"

"धुरानं नस जरा बधिर होते. खड्डा तसाच वाढत राहतो."

"पन किडे पडतात वो बाई. मी माह्या डोळ्यानं पायते."

मीनाक्षीबाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "मग एकदा कुणाचंच तोंड न लावता धूर करून बघा," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरकडे दाढ भरून घेणार, असं रीनानं घरी येऊन सांगितलं, आणि घरात जणू साप निघाला. गजेंद्र, तिचा नवरा, राइस मिलमधून नुकताच आला होता. तो पाण्याचा गिलास तसाच धरून उभा राहिला.

"तुले समजते का? लोक पार उकव्याहून येतात माह्या मायकडं, आन तिचीच सून डॉक्टरकडं जाईन? क्या मुँह दिखाएँगे?"

"तोंड तं माहं आहे. मी दाखवीन."

"रीना!"

जिजाबाईनं आवाज चढवला नाही. ती चढवतच नसे. "मंगळवारी पयले तूच बस," ती म्हणाली. "सगळ्यायसमोर. म्हंजे जे कुजबुज करतीन, त्यायचं तोंड बंद होईन."

दुसरी कुणी असती तर चोरून गेली असती. माहेरी जाते, मावशी आजारी आहे, असलं काही तरी सांगून. रीनाला त्याचाच राग होता. तिनं काय पाप केलं होतं? सोमवारी सकाळी ती चांगली साडी नेसून फाट्यावर उभी राहिली. फकिरा कंडक्टरनं विचारलं, "कुठं चालली वो वहिनी?" तशी ती बसमधल्या शेवटच्या सीटलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दात भरायले!" अख्ख्या बसनं माना वळवल्या. फकिरानं तिकीट फाडताना तिच्याकडे बघायचं टाळलं. दुपारपर्यंत गावात बातमी पोचणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पोचू दे, असंच तिला वाटत होतं.

दवाखान्यात ती सरळ खुर्चीत जाऊन बसली. सुई टोचली, जबडा जड झाला. मग यंत्र गिरणीसारखं घरघरू लागलं आणि डोक्याच्या आतच दळण चाललंय असं तिला वाटलं. जळकट वास आला. ती डोळे मिटून मनात शिव्या देत होती. यंत्राला, धुराला, नवऱ्याला, आणि ज्या सासवांनी सासवांकडून विद्या घेतल्या त्या सगळ्यांना. मीनाक्षीबाईंनी कोरलेली जागा धुऊन वाळवली, तिथं पांढरा लगदा थोडा थोडा करून भरला आणि निळा उजेड धरला. त्या उजेडानं लगदा दगडासारखा टणक झाला. मग घासून, दात मिटायला लावून, पुन्हा घासून, वरची दाढ नीट टेकते का ते पाहिलं. आरशात खड्डा नव्हता. रीनाला रडू आलं, आणि अर्धा ओठ बधिर असल्यामुळे ते धड रडताही येईना.

"आता गुडाखू नको," बाईंनी बजावलं. "रात्री झोपताना ब्रश. भरलेला दातसुद्धा कडेनं पुन्हा किडू शकतो."

मंगळवारी अंगण कधी नव्हे इतकं भरलं. निम्मे दुखणेकरी होते आणि निम्मे नुसतेच बघे. कंडक्टरची सुट्टी नसतानाही फकिरा आला होता. जिजाबाई पाटावर बसली होती, समोर परात, वाटी, तापलेला नाल.

"बस," ती सुनेला म्हणाली.

"मी दाढ भरून आनली, माय. आता काहीच दुखत नाही."

"भरली म्हंजे किडा आतच कोंडला. तो आतून खाईन. बस."

बायकांमध्ये हुंकार उठला. खरंच की, वरून लिंपलं तर आतला किडा जाणार कुठं? गजेंद्र भिंतीला टेकून खाली बघत होता. मीनाक्षीबाईंचं बोलणं तिनं अजून करून पाहिलं नव्हतं. आणि त्या चुकल्या असतील तर? किडे न पडता पाणी कोरं राहिलं तर या अंगणात तिला जन्मभर मान खाली घालून नाल तापवावा लागला असता. पण माघार घ्यायची तर मग बसमध्ये ओरडायचं कशाला?

ती पुढे झाली. परातीतलं पाणी तिनं सगळ्यांसमोर ओतून दिलं, हंड्यातलं ताजं पाणी भरलं. "पाहून घ्या, पानी साफ आहे," म्हणाली. वाटी पालथी ठेवली. चिमट्यानं लाल नाल उचलून वाटीवर ठेवला, त्यावर बिया टाकल्या, मडकं झाकलं, भोकात देठ खोवला. आणि हात मागे घेऊन उभी राहिली.

"तोंड लाव ना!" कुणी तरी ओरडलं.

"नाही लावत. कोनीच नाही लावायचं."

धूर देठातून सरळ आभाळात जाऊ लागला. बिया तडतडत होत्या. एक म्हातारा खोकला. तडतड थांबल्यावर रीनानं मडकं उचललं.

पाण्यावर किडे तरंगत होते. नेहमीइतकेच, नेहमीसारखेच पांढरे. नालावर फुटलेल्या बियांची रिकामी टरफलं तेवढी उरली होती.

"आता सांगा, हे कोनाच्या दातातले?" रीनानं विचारलं. तिनं आवाज दाबला नाही. "मडक्याच्या का नालाच्या? बी फुटते आन तिच्या आतला कोंब पान्यात उडते. इतके वर्स आपुन बियाच पाहून राह्यलो!"

फकिरानं वाकून एक किडा बोटावर घेतला, चिरडला आणि बोट पँटला पुसलं. जिजाबाई परातीकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण रीनाला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की त्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं.

"दुखनं तं थांबत होतं ना?" जिजाबाई म्हणाली.

"हौ माय. दुखनं थांबत होतं. आन दात जात होता. माहे दोन गेले. तुह्ये दोनच राह्यले."

जिजाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि आत निघून गेली. लोक हळूहळू पांगले. सुजलेला गाल धरून आलेल्या एका बाईनं जाता जाता रीनाला दवाखाना कुठं आहे ते विचारलं, आणि तिला बसस्टँडवर सोडायला गजेंद्रनं गुपचूप मोटरसायकल काढली.

उंबऱ्यावर नारळ तसेच पडले होते. रीनानं एक उचलला, पायरीवर आपटून फोडला, करवंटीतून अंगठ्याएवढा तुकडा काढला आणि उजव्या दाढेखाली धरला. क्षणभर भीती वाटली. मग तिनं कचकन दात मिटले. खोबरं फुटलं, गोड पाणी जिभेवर आलं, कुठं काही लागलं नाही. तिनं दुसरा तुकडा काढला. आवाज घरभर ऐकू जात होता, आणि तो तसा जावा म्हणूनच ती चावत होती.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला. "मले पन दे जराकसं. किसून."

"देते किसून," रीना म्हणाली. "पन या अंगनात आता धूर नाही होनार, माय."

रीनानं किसणी घेतली आणि सासूसाठी खोबरं किसत बसली. मधूनमधून एखादा तुकडा ती स्वतःच्या उजव्या दाढेखाली टाकत होती.