खिळ्यावरची दुसरी किल्ली

मी एक जुनी किल्ली आहे. तीही पहिली नव्हे, दुसरी. पहिली कारखान्यातून व्हॅनबरोबरच आली. काळ्या मुठीची, अंगावर कंपनीची खूण मिरवणारी. मी मात्र ऑकलंडमधल्या ओटाहुहूच्या बाजारात, बूट दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीत जन्मले. चाक फिरले, पितळ किंचाळले, पिवळा भुगा उडाला आणि तिच्यासारखेच दात मलाही फुटले. नक्कल म्हणा हवे तर. पण मित्रांनो, मला फिरवले की इंजिन तसेच गुरगुरायचे!

माझी मालकीण तोकिलूपे. टोंगा बेटांवरून ऑकलंडला आलेली, रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी धुणारी. तिच्या नवऱ्याने, विलिसोनीने, एका रविवारी चर्चबाहेर व्हॅन बंद केली आणि किल्ली आतच राहिली. सगळ्यांचे जेवणही आत! अळूच्या पानांत बांधून नारळाच्या दुधात शिजवलेले मटण, ज्याला ते ‘लू’ म्हणतात, काचेआड वाफाळत राहिले आणि मंडळी बाहेर उपाशी उभी. दुसऱ्याच दिवशी त्याने मला करून घेतले. तोकिलूपेने केतकीच्या सुकल्या पातीची बारीक वेणी घालून तिच्यात मला ओवले. किती कौतुक झाले माझे त्या दिवशी!

मग मला स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवले आणि सगळे विसरले.

अकरा वर्षे. पहिली रोज बाहेर जाई, समुद्र पाहून येई. मी भिंतीवर, फोडणीची वाफ अंगावर, काजळी दातांत. विलिसोनी वारला तेव्हा तोकिलूपे पहिल्या किल्लीला छातीशी धरून रडली. मीही त्याचीच होते, पण माझ्याकडे कुणी पाहिले नाही.

दिवस जातात, लोखंड गंजते. तपासणीवाल्याने एकदा व्हॅनखाली डोकावून सांगून टाकले, “महिनाअखेरपर्यंत चालवा. पुढं नाही.” आता दुसरी गाडी घेणे भागच होते, कारण तोकिलूपेची थोरली बहीण कालो हिला आठवड्यातून तीनदा पहाटे सहाला डायलिसिसला न्यावे लागे. तेवढ्या पहाटे बस नव्हती.

गाडीच्या सौद्याला निघायच्या दिवशी कालोने मला खिळ्यावरून काढले आणि तोकिलूपेच्या पिशवीत, जेवणाच्या डब्यावर टाकले.

“दोन किल्ल्या कशाला गं ताई?”

“त्या दुकानात आपल्या चर्चमधल्या मोसेसेची किल्ली ठेवून घेऊन त्याला चार तास बसवून ठेवलं होतं. घे. नाहीतरी खिळ्याला लटकून काय दिवे लावतेय ती?”

मला राग आला. पण बाहेर निघाले होते ना!

दुकानात क्रेग नावाचा विक्रेता तिची वाटच पाहत असल्यासारखा पुढे आला. “या मावशी! जुनी गाडी देणार ना? किल्ली द्या, पाच मिनिटांत बघून किंमत सांगतो.”

पहिली किल्ली ऐटीत त्याच्या हातावर जाऊन बसली आणि काचेच्या खोलीत नाहीशी झाली. मग त्याने तोकिलूपेला गरम खिमा-पॅटिस आणून दिले, वर कॉफी. पुढे आलेले अन्न नाकारणे तिला शिकवलेच नव्हते. तिने खाल्ले.

“नव्या व्हॅनची पूर्ण किंमत किती?” तिने विचारले.

“आठवड्याला फक्त नव्वद डॉलर, मावशी.”

“किती आठवडे?”

“ते साहेबांना विचारून येतो.”

तो आत जाई, हसत बाहेर येई. आठवड्याचा हप्ता बदले, पूर्ण किंमत काही बाहेर पडेना. एक तास गेला, दोन गेले, तीन गेले.

“बाबा, माझी किल्ली दे. उद्या पहाटे बहिणीला न्यायचंय.”

“किल्ली साहेबांकडे आहे आणि साहेब बाहेर गेलेत. सही करून टाका मावशी, नव्या गाडीतूनच न्या बहिणीला!”

तिचा हात पिशवीत आला. बोटे मला लागली आणि मागे फिरली. पुन्हा आली, पुन्हा गेली. मला कळेना, हिला अडवतेय कोण? मग कळले. तिच्या पोटातले ते पॅटिस! ज्याचे अन्न खाल्ले त्याच्या तोंडावर उठून जायचे कसे?

तिसऱ्यांदा हात आला, पण मला सोडून त्याने खालचा डबा उचलला. तिने तो क्रेगच्या कागदांवर ठेवून उघडला. लू होता.

“खा.”

“नंतर खातो, मावशी.”

“आधी खा. मला मावशी म्हणतोस ना?”

त्याने एक घास घेतला, मग दुसरा. तिसऱ्या घासाला त्याला कागदांचे भानच राहिले नाही.

“कसं झालंय?”

“झकास!”

“मग फिटलं. तुझं मी खाल्लं, माझं तू खाल्लंस.” आणि तिने मला बाहेर काढले. केतकीची वेणी हवेत झुलली. मित्रांनो, अकरा वर्षांची काजळी होती अंगावर, तरी मी लखलखले असेन!

क्रेग तोंडातल्या घासासकट मागे धावला. “अहो, तुमची पहिली किल्ली!”

“राहू दे तुझ्याकडे. उद्या डबा परत आणशील तेव्हा आण. रिकामा आणू नकोस, पूर्ण किंमत लिहून घाल त्यात.”

मी आत शिरले, वळले. व्हॅन दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा गरजली.

पहाटे सहाला कालो डायलिसिसच्या खुर्चीत होती आणि मी तिच्या मुठीत. “काय गं,” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “लावलेस की दिवे!”

दुपारी क्रेग आला. घासलेल्या डब्यात पहिली किल्ली होती आणि एका कागदावर एक आकडा, पूर्ण. तोकिलूपेने त्यावर काट मारली, खाली आपला आकडा लिहिला आणि डबा त्याच्याकडे परत सरकवला. तीन दिवस तो डबा असा ये-जा करत होता. शेवटी तिच्याच आकड्यावर सौदा झाला. जुन्या व्हॅनबरोबर तिने एकच किल्ली दिली, पहिली.

आता ती व्हॅन मोडीत गेली. मला फिरायला कुलूपच उरले नाही. तरी मी खिळ्यावर नाही, पिशवीत असते. कुणी तिला गोड बोलून बसवू लागले की तिची बोटे मला चाचपतात. मागे फिरत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी दुसरी किल्ली लटकत असेल. तिची काजळी पुसा. आणि समोरचा कितीही हसून ‘बसा’ म्हणाला तरी बसण्याआधी तिला बरोबर घ्या.