चार नंबरची पिशवी

झोर्का बॅटिनिचच्या वाइनघरात शिरलं की समोरच एक लाकडी पेटी दिसायची. पितळी कोपरे, गंजलेली कडी, भोवती लाल दोर. छत्तीस वर्षं झोर्का प्रत्येक पाहुण्याला सांगत आली होती, की तिच्या आजोबांनी समुद्रापलीकडच्या डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरून याच पेटीत द्राक्षाच्या काड्या आणल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून. बोटीवरचं पाणी संपत आलं तेव्हा आजोबांनी आपल्या वाटणीचं पाणी काड्यांना पाजलं आणि स्वतः सोळा दिवस कच्च्या कांद्यावर काढले. सुरुवातीला दिवस नऊ होते. लोकांना गोष्ट आवडत गेली तसे ते वाढले. एक बाई तर ऐकता ऐकता रडली आणि रडत रडतच दोन खोकी गाडीत ठेवून घेऊन गेली.

खरं विचाराल तर आजोबांनी आणलं होतं ते एक अकॉर्डियन आणि पोतंभर सुके मासे. पेटीसुद्धा त्यांची नव्हे, झोर्काने ती पेटालुमा गावच्या जुन्या बाजारातून उचललेली. आणि काड्या? काड्या तिने चोरल्या होत्या. समोरच्या टेकडीवरून. एल्विओ कॅपरेत्तीच्या.

छत्तीस वर्षांपूर्वी सोनोमाच्या खोऱ्यात वेलींच्या मुळांना कीड लागली आणि झोर्काची बाग तळहातासारखी उघडी पडली; टेकडीवरचे एल्विओचे जुने वेल तेवढे वाचले. नवरा जाऊन चार महिने झालेले. जानेवारीत एका सकाळी ती कुंपणाच्या फटीतून एल्विओच्या टेकडीवर शिरली. धुकं इतकं दाट, की झोर्काच्या म्हणण्याप्रमाणे त्यात खिळा ठोकून अंगातला कोट टांगता आला असता. छाटणी नुकतीच झालेली, छाटलेल्या काड्यांचे भारे कुंपणाला लागूनच पडलेले, जाळायला काढलेले. तिने दोन भारे कोटाखाली दडवले, घरी येऊन कीड न लागणाऱ्या नव्या खुंटांवर कलमं बांधली. एकूण एक कलम धरलं. हे तिला ठाऊक होतं आणि तिच्या देवाला. देव सोनोमात कुणाशी फारसा बोलत नसल्यामुळे गुपित सुरक्षित होतं.

आता ती शहात्तर वर्षांची होती, एल्विओ एक्याऐंशीचा. दोघं रोज भांडत. ती त्याच्या वाइनला रंगाचं पाणी म्हणे, तो तिच्या वाइनला सरबत. पण सकाळची कॉफी झोर्का स्वयंपाकघराच्या त्याच खिडकीशी उभी राहून पीत असे, जिच्यातून टेकडीवर वाकलेली त्याची पाठ दिसायची. पाठ दिसली नाही तर कॉफी दुसऱ्यांदा गरम करावी लागे.

टेकडीवरचा तो तुकडा म्हणजे दोन एकर झिनफँडेल, काळ्या द्राक्षांचे जुने वेल, एल्विओच्या आजोबांनी लावलेले. एकेक वेल माणसाच्या कमरेइतका जाड, आणि वेडावाकडा असा, की परक्याला वाटावं म्हाताऱ्यांची सभा भरली आहे. द्राक्षं मात्र अगदी थोडी. एल्विओची मुलगी मार्ला तीन वर्षांपूर्वी सगळा कारभार बघायला लागली, आणि या ऑगस्टमध्ये तिने ठरवलं की तो तुकडा उपटायचा.

झोर्काला हे कुंपणाशीच कळलं. मार्ला टोपीने वारा घेत उभी होती.

"मावशी, मागच्या हिवाळ्यात बाबा त्या उतारावर दोनदा पडले. दुसऱ्यांदा तासभर तिथेच पडून होते आणि मला म्हणाले, आकाश बघत होतो."

"बघत असेलही. गाढवाला आकाश आवडतं."

"चेष्टा नको. खाली सपाटीवर कॅबरने जातीची द्राक्षं लावू, यंत्राने छाटता येईल. सोमवारी ट्रॅक्टर येतोय."

"आणि तो हो म्हणाला?"

मार्लाने कपाळाला हात लावला. "त्यांनी पैज घेतलीय. म्हणतात, या टेकडीची चव दुनियेत दुसरीकडे नाही, डोळे बांधून ओळखीन. मी म्हटलं, ठीक. रविवारच्या चाखणीत ओळखलीत तर कुदळ लागणार नाही, तुमच्या माघारीसुद्धा. नाही ओळखलीत तर सोमवारी मुकाट्याने बाजूला व्हायचं."

झोर्का घरी आली आणि तिने कॉफी गरम केलीच नाही.

खोऱ्यातली रविवारची चाखणी म्हणजे साधी गोष्ट नव्हे. तोडणीआधीच्या शेवटच्या रविवारी गावचा आगीचा बंब बाहेर उन्हात उभा करतात आणि त्याच्या जागी लांब टेबलं मांडतात. बाटल्या तपकिरी कागदी पिशव्यांत गळ्यापर्यंत गुंडाळलेल्या, वर नुसते आकडे. पिशव्या भरतात डॉक पेटिबोन, निवृत्त गुरांचे डॉक्टर, कारण खोऱ्यात फक्त त्यांच्याकडेच द्राक्षाचा एकही वेल नाही. अत्तर लावून यायचं नाही. एका वर्षी एक बाई गुलाबाचं अत्तर लावून आली, तर तिला बाहेर बंबावर बसवून खिडकीतून पेले पोचवले होते. आणि सर्वांत मोठा नियम बादलीचा. चाखलेली वाइन ज्या बादलीत थुंकतात ती शेवटी कुणी धुवायची? तर ज्याने स्वतःच्याच बाटलीला पहिला नंबर दिला, त्याने. खोऱ्यात गर्विष्ठ माणसं फार, म्हणून हा नियम. एल्विओने ती बादली आजवर एकोणीस वेळा धुतली होती. त्याला त्याचं भूषण होतं.

त्या दिवशी पिशव्या पाच होत्या. एल्विओ नवा शर्ट घालून आला, आणि नेहमीसारखं त्याच्या आधी त्याचं नाक दारातून आत आलं. या नाकाच्या कथा खोऱ्यात पिंपं भरून आहेत. म्हणतात, त्याने एकदा न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या चार मैलांवरच्या कोठारात बूच खराब झालेली बाटली ओळखली होती, आणि न्हाव्याने घाबरून दुकानच बंद केलं.

"काय म्हातारे," तो झोर्काला म्हणाला, "यंदा सरबतात लिंबू पिळलंस की नाही?"

"बस खाली. नाकाला वेगळी खुर्ची आणू का?"

एल्विओ बसला, पण खुर्चीच्या अगदी कडेवर, आणि ते झोर्काशिवाय कुणी पाहिलं नाही.

डॉकनी पहिली पिशवी ओतली. एल्विओने पेला फिरवला, नाक आत घातलं, घोट तोंडात घोळवून बादलीत सोडला.

"लोडाय. त्या गावची, वाळूतली द्राक्षं. चांगल्या घरातली, सगळ्यांशी गोड बोलणारी."

दुसरी तोंडात घेताच त्याचा चेहरा आंबट झाला. "हे काय? हे फर्निचरचं दुकान आहे! नवं कपाट, वर पॉलिश. आत द्राक्ष होतं बहुतेक, पण त्याला कपाटात कोंडून मारलंय."

मार्ला एकदम खाली बघून चमचा पुसायला लागली. झोर्काच्या ते लक्षात आलं. मार्लाने कारभार हाती घेतल्यावर पहिल्याच वर्षी टेकडीची वाइन ओक लाकडाच्या कोऱ्या पिंपांत ठेवली होती. एल्विओने त्या रागाने ती बाटली घरात कधी उघडूच दिली नव्हती.

तिसरी त्याने अमाडोरच्या डोंगरातली ठरवली. "मिरी, तापलेला दगड, आणि जवळपास एक बकरी," तो म्हणाला, आणि लोक हसले.

मग चौथी.

एल्विओने पेला दोन्ही हातांत धरला. त्याने पेल्यात नाक घातलं ते बाहेर काढेचना. घोट घेतला, आणि खोऱ्याने कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. तो थुंकला नाही. गिळलं.

"हीच," तो हळूच म्हणाला. "ही माझी टेकडी. आधी काळी बोरं, मग बडीशेपेची झाडी उन्हात तापते तसा वास, आणि शेवटी जिभेच्या मागे तो खडबडीतपणा, आजोबांच्या दाढीसारखा. पाचवी ओतू नका. ओतलीच तर ती पासो गावची आहे, इथूनच डोक्यात चढतेय. मी चारला पहिला नंबर देतो आणि चार माझी आहे."

डॉकनी पिशव्या फाडायला सुरुवात केली. एक, लोडाय. तीन, अमाडोर. पाच, पासो रोब्लेस. लोक टाळ्या वाजवत होते. दोन नंबरच्या बाटलीवर कॅपरेत्तीचं नाव होतं. टाळ्या थांबल्या.

चार नंबरच्या बाटलीवर एक पेटी छापलेली होती.

"बॅटिनिच," डॉक वाचून म्हणाले. मग घसा खाकरून, "एल्विओ, यंदा बादली तुला नाही."

इतक्या मायेने कुणी इतकं वाईट बोललं नसेल. एल्विओने मान हलवली, पेला टेबलावर ठेवला आणि शर्टाचं वरचं बटण उघडलं. मार्लाचा हात त्याच्या पाठीवर गेला. "बाबा," एवढंच ती म्हणाली. जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर कुठेच नव्हता.

झोर्काच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघराची खिडकी आली. खिडकीत नुसती माती. मग पेटी आली, लाल दोर आला, सोळा दिवस कांदे खाणारे आजोबा आले. आजोबांनी तिच्याकडे बघून खांदे उडवले, की बाई, मी तर अकॉर्डियन आणलं होतं.

ती उठली. खुर्ची मागे पडली.

"बादली त्यालाच द्या."

"झोर्का, नियम असा आहे..." डॉक सुरू झाले.

"नियम मला शिकवू नका. स्वतःच्या वेलाला पहिला नंबर देईल त्याने बादली धुवायची ना? मग वेल त्याचेच आहेत. माझी अख्खी बाग त्याच्या टेकडीवरून चोरलेल्या काड्यांची आहे. छत्तीस वर्षांपूर्वी, जानेवारीत. पेटीबिटी काही नाही. आजोबांनी मासे आणले होते."

आगीच्या बंबाच्या त्या घरात इतकी शांतता पसरली, की बाहेर बंबावर बसलेली माशीसुद्धा आत वाकून बघायला लागली असावी.

मार्लाने आधी तोंड उघडलं. "मावशी, बाबांसाठी खोटं बोलू नकोस."

"आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलतेय तर ही बया विश्वास ठेवत नाही!"

"भारे कशाने बांधले होते?" एल्विओने विचारलं. तो उठून तिच्याकडे बघत होता.

"काय?"

"मी विचारतोय, काड्यांचे भारे कशाने बांधले होते?"

"निळ्या सुतळीने," झोर्का म्हणाली. "जाळायला ठेवले होतेस."

"जाळायच्या काड्या कुणी सुतळीने बांधतं? प्रत्येक काडी खाली सरळ कापलेली, वर तिरकी, म्हणजे कलम बांधणाऱ्याला उलटसुलट कळावं. जाळायच्या काड्या कोण असं कापतं गं?"

झोर्काने डोळे मिटून ते भारे पुन्हा पाहिले. सगळा जन्म वेलींत काढलेली बाई, पण त्या धुक्यात चोरीच्या घाईत तिला ही साधी गोष्ट दिसली नव्हती, आणि पुढे छत्तीस वर्षं तिने ती बघायचं टाळलं होतं.

"तूच ठेवले होतेस?"

"तीन दिवस ठेवले होते. तू येईनास. तिसऱ्या दिवशी मी कुंपणाची फट जरा मोठी केली."

"मग हातात का नाही दिलेस, गाढवा?"

"दिले असते तर तू घेतले असतेस?"

झोर्काने विचार केला. "नाही. तोंडावर फेकले असते."

"तेच म्हणतो मी."

मार्लाने दोन पेले पुढे ओढले. एकात चार नंबर, एकात दोन. आधी एक प्यायली, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. दोन नंबरचा पेला दूर सारला. मग म्हणाली, "कपाटच झालंय माझं."

"थोडंसं," एल्विओ म्हणाला. "कपाट चांगलं आहे गं. पण द्राक्ष त्यात मावत नाही."

"सोमवारचा ट्रॅक्टर नको म्हणून सांगते. पुढच्या साली जुनी पिंपं पुन्हा वापरायला काढू. पण उतारावर एकट्याने जायचं नाही, बाबा. यात मी काही ऐकणार नाही."

"मी जाईन त्याच्याबरोबर," झोर्का म्हणाली. "मला कुंपणातली फट ठाऊक आहे."

एल्विओने बादली उचलली आणि ती छातीशी धरून नळाकडे निघाला. विसावी वेळ. बाहेर उन्हात, बंबाच्या सावलीत, तो ती इतक्या वेळ घासत बसला की डॉकना जाऊन सांगावं लागलं, बादली पत्र्याची आहे, चांदीची नाही.

झोर्काच्या वाइनघरात ती पेटी अजून आहे, पण लाल दोर काढलाय आणि गोष्ट बदलली आहे. आता धुक्यात झोर्का काड्या घेऊन पळते आणि मागून एल्विओ बंदूक झाडत येतो. एक गोळी तिच्या टोपीतून आरपार जाते. टोपीसुद्धा ठेवलेली आहे, भोक पाडलेली. एल्विओने जन्मात बंदूक हातात धरलेली नाही, पण छाटणीच्या दिवसांत तो दुपारच्या जेवणाला तिथेच असतो, आणि पाहुणे त्याच्याकडे वळून विचारतात तेव्हा तो पेला खाली ठेवून गंभीरपणे मान डोलावतो.

"दोन गोळ्या," तो म्हणतो. "ती एक सांगायची विसरते."