रडवणाऱ्या बाईचा आवाज

उज्वला खैरनार गायला उभी राहिली की मांडव रडतो, हे नव्वदच्या दशकात ओझरपासून सिन्नरपर्यंत कुणीही सांगितलं असतं. नाशिक रोडच्या एका ऑर्केस्ट्रात ती गायची. वरातीची, जेवणावळीची, हळदीची गाणी बाकीचे उरकायचे. पाठवणीची वेळ झाली की मात्र ढोलकी, बँजो सगळं बंद, आणि उज्वला एकटी पुढे. सजवलेल्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलेलं असायचं, ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात टाकून बसलेला असायचा, आणि उज्वलाचं गाणं संपल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा रिवाजच पडून गेला होता.

गाणं ऑर्केस्ट्रातल्या क्लॅरोनेटवाल्यानं रचलेलं. तो स्वतः बिनलग्नाचा, त्यामुळे त्याला बायकांच्या दुःखाची फार जाण होती. 'वळून बघ गं एकदा, उंबरा अजून ओला' अशी त्याची ओळ. त्यातल्या 'ओला'वर उज्वला सूर जिथे वर न्यायची आणि धरून ठेवायची, तिथे आधी नवरीची मावशी फुटायची, मग आत्या, मग मिशीवाले काका. शेवटी तर मुलगी न्यायला आलेली मंडळीसुद्धा डोळे पुसायला लागायची. त्यांना रडायचं खरं तर काहीच कारण नसे.

आणि उज्वला? तिला काही म्हणजे काही व्हायचं नाही. शेवटची एसटी मिळेल का, मटकी भिजत घातली होती ना, असले विचार तेव्हा तिच्या डोक्यात. रोज दुसऱ्याच्या घरचं रडणं पाहून ते शेजारच्या कुकरच्या शिट्टीसारखं झालं होतं. ऐकू येतं, पण त्यासाठी कुणी उठत नाही. सूर मात्र ती चोख लावायची. तो वरचा सूर मोडू नये म्हणून भल्या सकाळी, घरातले झोपलेले असताना, ती मोरीचं दार लावून रियाज करायची.

मग तिच्या गळ्याला गाठ आली. थायरॉईडची. आवाजाची नस तिथूनच जाते, थोडा धोका आहे, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि झालंही तसंच. ऑपरेशननंतर बोलणं परत आलं, पण वरचा सूर गेला तो गेलाच. खालच्या सुरांतही भाकरीच्या पिठात खडा लागावा तशी मध्येच खरखर. ऑर्केस्ट्राही तोवर बंद पडला होता. लग्नांमधून डीजे आले होते. नवरा सोमनाथ, प्रेसमध्ये कामाला, मनानं चांगला माणूस. तो म्हणाला, "जीव वाचला ना? मग आवाजाचं काय घेऊन बसलीस!" बोलणं खरं होतं. उज्वला उठून भाकरी थापायला लागली. ती रडलीही नाही.

अशी दोन वर्षं गेली, आणि दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत एका दुपारी पिंपळगाव बसवंतचे खंडेराव नाना द्राक्षांची पेटी घेऊन दारात उभे राहिले. द्राक्षांचा मोठा व्यापार, स्वतःचं कोल्ड स्टोरेज. थोरल्या मुलीच्या, छायाच्या लग्नात, दहाएक वर्षांपूर्वी, उज्वला गायली होती. आता धाकट्या रोहिणीचं लग्न एप्रिलमध्ये होतं.

"ताई, पाठवणीला तुम्हीच पाहिजे."

"नाना, आवाज गेला माझा."

"बोलताय की चांगलं!"

"बोलणं वेगळं, गाणं वेगळं."

"त्ये मला नका सांगू. छायाच्या येळेला तुम्ही अख्खं पिंपळगाव रडवलं. आता रोहिणीच्या येळेला तुम्ही नाय, तर लोक काय म्हणतील? धाकटीवर बापाचा जीवच नव्हता!"

उज्वलाला हसू आलं आणि भीतीही वाटली. गेलो आणि मांडव कोरडाच राहिला, तर? आपला आवाज गेला हे आज आपल्यालाच माहीत आहे. उद्या ते चारचौघांत सिद्ध होईल. पण त्याच वेळी एक प्रश्न तिच्या डोक्यात शिरला. इतकी वर्षं लोक नेमके कशाला रडत होते? ते त्या वरच्या सुरात असेल, तर सरळ नाही म्हणायचं. दुसऱ्या कशात असेल, तर कदाचित ते अजून आपल्यापाशी शिल्लक असेल. काही झालं तरी उत्तर द्यायच्या आधी हे कळायला हवं होतं.

तिनं तिथल्या तिथेच सुरुवात केली. "नाना, खरं सांगा. तुम्ही नेमके कुठे रडलात?"

नाना लाजले. एवढा मोठा व्यापारी, पण टोपी काढून पुन्हा घातली. "दुसऱ्या कडव्याच्या आधी तुम्ही थांबलात बघा. हुंदका गिळलात. मी म्हणलं, परक्या बाईला एवढं वाटतंय, आन् आपण बाप असून दगडासारखे उभे! तिथं माझा बांधच फुटला."

उज्वलाला तो क्षण लख्ख आठवत होता. हॅलोजनच्या दिव्याभोवती चिलटं घोंघावत होती, त्यातलं एक थेट तिच्या घशात गेलं होतं. तेच गिळायला ती थांबली होती. हे नानांना सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं, पण तिनं आत जाऊन चहा टाकला.

आपण नेमकं काय गायलो होतो ते एकदा ऐकायला हवं, असं तिला वाटायला लागलं. ऑर्केस्ट्राचा मालक मोठा संशयी. दुसरे चोरतील म्हणून कुणाला टेप लावू द्यायचा नाही. पण छायाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. मार्चमध्ये उज्वला पिंपळगावला गेली. छाया लग्नाच्या खरेदीसाठी माहेरी आलेलीच होती. दोन पोरांची आई झालेली, अंगानं भरलेली, बोलायला मोकळी. तिनं कपाटातून कॅसेट काढली, पदरानं पुसली, आणि दोघी टीव्हीपुढे पलंगावर बसल्या.

हळद झाली, अक्षता झाल्या, पंगती झाल्या. मग गाडी आली, आणि गाडीपुढे तरुण उज्वला, माइक धरून. तिनं तोंड उघडलं, आणि टीव्हीतून आली सनई. सनईमागोमाग सिनेमातलं एक रडकं गाणं. उज्वलाचे ओठ हलत होते, मान वर जात होती, 'ओला'वर डोळे मिटत होते, आणि आवाज भलत्याच बाईचा.

"अगं, हे काय?" उज्वला म्हणाली.

"शूटिंगवाल्यानं टाकलंय ना. तवा समदे असंच करायचे. मधला गोंगाट काढायचे आन् भारीतली गाणी भरायचे."

खरंच होतं. तेव्हाची रीतच ती. पैसे मोजून माणसं आपल्या लग्नातले सगळे आवाज पुसून घ्यायची. बापाचा, भटजींचा, आणि त्या गोंगाटात उज्वलाचाही. कॅसेट संपली. आपला तो आवाज आता जगात कुठेही नाही, हे तिला त्या पलंगावर बसल्या बसल्या कळलं.

"छाया, तुला तरी आठवतं का? तू तर समोरच उभी होतीस. तू कुठे रडलीस?"

छायानं जीभ चावली. "ताई, रागावू नका. मला काय ऐकायलाच आलं नाय बघा. कानात नुसतं सूं सूं होत होतं. सकाळपासून पोटात अन्न नाय, त्यात मुंडावळ्या टोचत होत्या. समदे रडाया लागले, म्हणून मी पन रडले."

उज्वला हसली, पण ते हसू तोंडापुरतंच. जिच्यासाठी गायलो, तिनंच ऐकलं नव्हतं.

निघताना छाया म्हणाली, "कमळाबाईला इचारा. ती रडली होती. भांडी घासाया होती तवा." कमळाबाई सुरगाण्याकडची; दर हंगामाला डोंगरातून जीप भरून बाया द्राक्षं पेट्यांत भरायच्या पॅकहाऊसच्या कामाला यायच्या, त्यातली जुनी. ती द्राक्षाचे घड कात्रीनं साफ करत बसली होती. उज्वलानं विचारलं, तशी तिची कात्री थांबली.

"बोल नाय कळले मना तुमच्या गान्यातले," ती म्हणाली. "पन आमच्याकं या डोंगरावरून त्या डोंगरावर मानसाला साद घालत्यात ना, तवा शेवटाला असाच ताणून धरत्यात. मना वाटलं, ही बाई कोनाला तरी बोलवत हाय, आन् तो येत नाय."

"मग तुम्ही रडलात?"

"माझी पोर तवा गुजरातकडं ऊसतोडीला गेलेली व्हती," कमळाबाई म्हणाली आणि पुन्हा घड उचलला.

परतीच्या एसटीत उज्वला खिडकीशी बसून या सगळ्याची गोळाबेरीज करत होती, आणि ती काही जमेना. एकाला चिलटानं रडवलं, एकीला दुसऱ्यांच्या रडण्यानं, आणि एकीला त्या ताणलेल्या सुरानं. म्हणजे जो आता गेला आहे त्यानंच. तीन माणसांची तीन उत्तरं. विचारून विचारून आणखी दहा मिळाली असती. आडगाव नाका येईपर्यंत तिची खात्री पटली की हे विचारून कळायचं नाही, गाऊनच कळेल. भीती होतीच, पण प्रश्न त्याहून जास्त छळत होता. घरी पोचल्यावर तिनं नानांना फोन करून हो सांगितलं. सोमनाथ म्हणाला, "हौसेला मोल नाही," आणि दुसऱ्या दिवशी खडीसाखर आणि ज्येष्ठमध घेऊन आला.

लग्न कोल्ड स्टोरेजच्या पटांगणात झालं. दिवसभर डीजे दणदणत होता. सूर्य कलला तशी नानांनी तो बंद करायला लावला. गाडी आली, चाकाखाली लिंबू आलं. उज्वला माइक धरून उभी राहिली. इतक्या वर्षांत प्रथमच तिला एसटी आठवली नाही की मटकी.

ती खालच्या पट्टीत गायली. दुसरी पट्टी उरलीच नव्हती. आवाज दोनदा खरखरला. 'ओला'पाशी सूर वर जायला धडपडला आणि खालीच बसला. शेवटी ती तो शब्द नुसता बोलल्यासारखा म्हणाली. संपलंच सगळं, असं वाटून तिनं डोळे उघडले.

मावशी रडत होती. मग आत्या. मग काका, मिशा पिकलेल्या, पण रडणं तेच. नवऱ्याकडची मंडळी रुमाल शोधत होती. त्याच ओळीवर, त्याच शब्दावर सगळा मांडव फुटला. लिंबू चिरडून गाडी निघून गेली, तेव्हा नाना डोळे पुसत आले.

"बघा! उगीच भीत होतात. त्योच आवाज हाय! तसूभर फरक नाय!"

आनंद व्हायला हवा होता. लाज राखली गेली होती, प्रश्नाचं उत्तरही मिळालं होतं. पण उज्वलाच्या अंगाचा तिळपापड झाला. तोच आवाज? मग मोरीचं दार लावून घासलेला तो सूर कुणासाठी होता? गाढवापुढे वाचली गीता! तो होता तेव्हा यांनी ऐकला नाही, आणि आता नाही तर यांना कळतही नाही. कमळाबाईला विचारावं असं तिच्या मनात आलं, पण हंगाम संपवून ती केव्हाच सुरगाण्याला परतली होती.

ती मांडवाच्या कडेला, द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटवर जाऊन बसली. थोड्या वेळानं छाया आली आणि शेजारचा क्रेट ओढून बसली. तिचे डोळे कोरडे होते.

"तू नाही रडलीस?" उज्वलानं विचारलं.

"नाय ताई. म्हणलं, मागं आपलं ऐकायचं राहिलं, आज ऐकू. पहिल्या शब्दापासून समदं ऐकलं. बरं वाटलं. माझ्या येळेला बी असंच होतं का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. नाना तसंच म्हणत होते, सगळा मांडव तसंच म्हणत होता.

"नाही गं," उज्वला म्हणाली. "तुझ्या वेळी फार चांगलं होतं. आज तो सूर खाली पडला ना, तो तेव्हा वर जायचा. खूप वर. आता नाही जात. गेला तो."

छायानं आपला क्रेट आणखी जवळ ओढला. मग हळूच म्हणाली, "म्हंजे माझ्यासाठी गायलात ते मी ऐकलंच नाय. आन् आता ते कुठंच नाय?"

"नाही."

छायाच्या डोळ्यांत पाणी भरलं आणि गालांवरून ओघळलं. आवाज नाही, हुंदका नाही. पाठवणीचं नव्हतंच ते रडणं. त्या आवाजाबद्दल नवऱ्यानं उज्वलाची समजूत घातली होती, नानांनी तर तो गेलाच नाही म्हणून सांगितलं होतं. पण त्याच्यासाठी दोन वर्षांत कुणी रडलं नव्हतं. रडली ती, जिनं तो कधी ऐकलाच नव्हता. हे उज्वलाच्या लक्षात आलं, आणि मग तिला आवरेना. छायाचा हात धरून, तोंडाला पदर लावून ती हमसून हमसून रडली.

नाना पाहुण्यांना निरोप देत तिकडून चालले होते. दोघींना तसं बघून ते थांबले आणि व्याह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघितलं का पाव्हणं? गाणं संपून घटका झाली, तरी अजून रडत्यात बाया. याला म्हणत्यात आवाज!"