महंमदचा हुंकार

मी थापा मारतो हे आमच्या रिहे गावात कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे. आमच्या खोऱ्यातला बिबट्या कंपनीच्या गाडीत मागच्या सीटवर बसून हिंजवडीला गेला, ट्रॅफिकमध्ये अडकला आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून पायी परत आला, ही गोष्ट माझीच. परत आला तेव्हा त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं, एवढं मात्र खरं.

पण गोष्ट मला एकट्याला रचता येत नाही. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं मधेमधे 'हं' म्हणायचं असतं. हुंकार द्यायचा म्हणतात त्याला. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो. मला चाळीस वर्षं हुंकार दिला तो पौडच्या महंमदनं. त्याचं सुकट-बोंबलाचं दुकान. नवी गोष्ट असली की मी जाऊन त्याच्या पोत्यावर बसायचो. तो तागडीत माल जोखत 'हं, हं' करायचा. गोष्ट जिथं पटली नाही तिथं गप्प. 'वाईट हाय' असं तोंडानं कधी म्हणाला नाही, नुसता गप्प. मग मी दोन पावलं मागं जायचो, दुसऱ्या वाटेनं यायचो, 'हं' मिळाला की पुढं.

त्याच्या तागडीचीही एक गोष्ट होती. महंमदच्या मालाच्या पारड्यात जिन बसतो, त्याला बोंबलाचा वास आवडतो, म्हणून पाव किलोतच पारडं अर्ध्या किलोसारखं खाली जातं. ही मी त्याच्याच दुकानात, त्याच्याच गिऱ्हाइकांपुढं सांगायचो आणि वर तोच म्हणायचा, "हं, आता लई जाड झालाय." गिऱ्हाइकं हसायची आणि बोंबील घेऊन जायची. दुकानदारच हसतोय म्हटल्यावर तागडी खरी आहे हे कुणाला सांगावं लागत नसे.

दोन वर्षांपूर्वी गौतमी नावाच्या पुण्याच्या बाईनं रिह्यात फार्महाऊस काढलं. सुट्टीच्या दिवशी हिंजवडीची मंडळी येतात, पिठलं-भाकरी खातात, आणि जेवण झालं की आंब्याखाली गावचा म्हातारा गोष्ट सांगतो. तो म्हातारा मी. तिथं एकदा मी तागडीची गोष्ट सांगितली. महंमद समोर नव्हता. हशा फार मिळाला, म्हणून नाव, गाव, दुकानाची खूण, सगळं घातलं. कुणीतरी मोबाइलवर घेतलं, पुढचं-मागचं कापलं, आणि मधलं दीड मिनिट व्हॉट्सअॅपवर तालुकाभर फिरलं. त्यात हसणारा दुकानदार नव्हता. पांढऱ्या मिशांचा एक माणूस गंभीर चेहऱ्यानं सांगत होता, की पौडच्या महंमदची तागडी खोटी आहे.

गिऱ्हाइकं त्याच्याकडचा पुडा समोरच्या दुकानात नेऊन परत जोखायला लागली. वजन बरोबर भरायचं. तरी पुढच्या वेळी ती समोरच्याच दुकानात जायची.

मी महंमदकडं गेलो नाही. चार दिवसांत लोक विसरतील म्हणून घरी बसलो. त्या चार दिवसांचं दीड वर्ष झालं.

आणि आता गौतमी म्हणाली, "आजोबा, बिबट्या सगळ्यांना पाठ झालाय. येत्या महिन्यात मोठा ग्रुप आहे. काहीतरी फ्रेश द्या ना."

फ्रेश सुचलं होतं. घाटापलीकडं तळ्याकाठी मोठमोठ्या इमारती, माणूस एकही नाही. तिथं एक वॉचमन. बोलायला कुणी नाही म्हणून तो समोरच्या डोंगराला हाका मारतो आणि पडसादाशी त्याची दोस्ती होते. सकाळी 'चहा झाला का', दुपारी 'ऊन लई हाय'. आणि एक दिवस पडसाद उत्तर देणं बंद करतो.

का? इथं माझी गाडी रुतली. पडसादाला हिंजवडीत नोकरी लावून पाहिली. त्याला न्यायला कॅब येते, इथवर मजा होती. पण तिथं जाऊन करणार काय, तर दुसऱ्याचं बोलणं परत बोलणार. संपली गोष्ट. मग त्याचं लग्न लावलं, बायकोपुढं आवाज फुटेना. असली थाप माझा आजासुद्धा मारायचा. शेवटी बिबट्याला खाऊ घातला आणि माझी मलाच लाज वाटली. भिंतीला सांगून पाहिलं. म्हशीला सांगून पाहिलं. म्हैस 'हं' म्हणते, पण प्रत्येकच वाक्याला म्हणते. तीन आठवडे गेले. ग्रुप यायचा रविवार दोन दिवसांवर आला, तेव्हा मी पौडची जीप धरली. गोष्टीसाठी जातोय असं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला त्याचा एक 'हं' ऐकायचा होता.

दुकानात तागडी टांगायचा हूक होता, तागडी नव्हती. बादल्या, झाडू, दोर, प्लास्टिकची स्टुलं. बोंबलाचा वास तेवढा भिंतीत राहिला होता. जोखायला लागेल अशी एक वस्तू त्यानं दुकानात ठेवली नव्हती. सगळं नगावर.

"या, नथूभाऊ," महंमद म्हणाला.

जन्मभर मला नथ्या म्हणणारा माणूस. मी पायरीवरच थबकलो.

"बरं हाय का, महंमद?"

"हाय की. काय देऊ? बादली घ्या. जोखायची भानगड न्हाई."

आतून त्याची बायको शमा चहा घेऊन आली. कप माझ्यापुढं ठेवत म्हणाली, "भावजी, भरून हाय का बघा बरं. शंका आसंल तर समोर नेऊन जोखून आना."

मी चहा घेतला. माफी मागायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते वेगळंच.

"गोष्ट अडलीय," मी म्हणालो.

शमा माझ्याकडं बघतच राहिली, मग आत गेली. महंमदनं झाडूंची गड्डी पुढं ओढली आणि एकेक सारखा करायला घेतला.

"सांगा," तो म्हणाला. "दुकानात तरी कोन हाय."

मी सांगायला लागलो. इमारती, तळं, वॉचमन.

"हं."

पहिली हाक, पहिलं उत्तर.

"हं."

दीड वर्षानं ऐकत होतो. चहाचा कप खाली ठेवला.

"आन् एक दिस त्यानं हाक मारली, तर पडसाद गप."

महंमद गप्प. मी नोकरी सांगितली. गप्प. लग्न सांगितलं. गप्प. बिबट्याचं मी सांगितलंच नाही.

"हितंच अडतंय बघ," मी म्हणालो. "पडसाद गप का झाला त्ये सुचंना."

"त्ये ऱ्हाऊ द्या," झाडू आपटत तो म्हणाला. "आदल्या दिशी वाचमन काय वरडला व्हता, त्ये सांगा."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला.

"चोर," मी म्हणालो. "कटाळला व्हता. गंमत म्हनून वरडला, चोर हाय, चोर हाय."

"हं."

"पडसादाला जे कानी पडंल त्ये म्हनावंच लागतं. त्यानं आख्ख्या खोऱ्यात म्हटलं, चोर हाय, चोर हाय. सोताच्या तोंडानं. खालच्या वाडीतली मानसं काठ्या घिऊन निघाली, आन् आवाज जितनं येत व्हता तितं पळाली."

"हं. आन् वाचमन?"

"वाचमन खुर्चीत बसून हसत व्हता."

"हं."

तीन आठवडे रुतलेली गाडी सुटली होती. मला आनंद झाला. त्या दुकानात, त्या रिकाम्या हुकाखाली बसूनसुद्धा आनंद झाला, आता काय लपवू.

"मग वाचमन डोंगराच्या पायथ्याला गेला," मी भरभर सांगायला लागलो. "मोठ्यानं म्हनला, चुकलं माजं. आन् समोरनं आवाज आला, चुकलं माजं, चुकलं माजं. पडसाद परत आला."

माझ्या मते शेवट झकास होता. मी महंमदकडं बघितलं.

तो झाडू बांधत होता. दोर फिरवला, गाठ मारली, टोक दातानं तोडलं.

मी दोन पावलं मागं गेलो. वॉचमन वर्षभर रोज जातो, असं केलं. गप्प. वॉचमन नोकरी सोडून डोंगरावरच राहायला जातो. गप्प. वॉचमन रडतो. त्यानं दुसरी गड्डी घेतली.

"म्हंजी," मी म्हणालो, "पडसाद परत येत न्हाई."

"हं," महंमद म्हणाला.

मी उठलो. "येतो."

"या, नथूभाऊ. कप तितंच ऱ्हाऊ द्या, ती उचलंल."

रविवारी आंब्याखाली चाळीस माणसं होती. गोष्ट सांगितली, आहे तशी, त्याच शेवटासकट. काही जण डोळे पुसत होते. टाळ्या थांबल्यावर मी खाली बसलो नाही. म्हणालो, "पौडच्या महंमदची तागडी खरी होती. त्यात जिन मी बसवला. खोटा मी हाय, तो न्हाई."

पहिल्यांदा एक पोरगी हसली. मग सगळे. मी देवाची शपथ घेतली तसे आणखी हसले. मी चिडलो, घसा ताणून ओरडलो, तेव्हा तर एक जण पोट धरून गवतावर आडवा झाला. गौतमी धावत आली आणि म्हणाली, "आजोबा, हे शेवटचं तर कमाल होतं! पुढच्या वेळीही ठेवा."

तेही कुणीतरी मोबाइलवर घेतलं. परवा ते मला गावातल्याच एकानं दाखवलं. आधीची गोष्ट कापली आहे, मी कबूल केलं तेही कापलं आहे. 'पौडच्या महंमदची तागडी' एवढं म्हणून मी शपथ घेतो आणि लोक हसतात, तेवढंच ठेवलं आहे. व्हिडिओखाली कुणीतरी विचारलंय, हे पौडचं दुकान नक्की कुठं आलं?